बॅटरीचा भाव युनिटात मोजा

ई-रिक्षा, मालवाहू ई-कार्ट, कारखान्याच्या आवारात सामान वाहणारी किंवा मोठ्या रुग्णालयात रुग्णांची ने-आण करणारी बॅटरीवरची गाडी या सगळ्या कामकरी गाड्या. त्यांच्या देखभालीत टायर, ब्रेक, बेअरिंग यांचा खर्च किरकोळ असतो. मोठा आणि पुन्हा पुन्हा समोर येणारा खर्च बॅटरीचा. गाडी घेताना माणूस चार ठिकाणी चौकशी करतो. बॅटरी बसल्यावर मात्र गाडी उभी राहते, रोजची कमाई थांबते आणि जो सेट लगेच मिळेल तो घाईने बसवला जातो. दुकानदार दोन आकडे सांगतो, किंमत आणि अँपिअर-तास. या दोन आकड्यांवरून बॅटरी निवडता येत नाही, असे माझे म्हणणे आहे. बॅटरी आपल्याला विजेची साठवण विकत असते. म्हणून आयुष्यभरात ती किती युनिट वीज मोटरला देईल आणि त्यातल्या प्रत्येक युनिटामागे आपल्याला किती रुपये पडतील, हा खरा प्रश्न आहे. घरच्या वीजबिलावर असते तेच हे युनिट, म्हणजे एक किलोवॅट-तास. हा हिशोब मांडला की शिसे घ्यावे की लिथियम, या वादाचे उत्तर प्रत्येक गाडीसाठी वेगळे येते, पण स्पष्ट येते.

आधी बॅटरीवर छापलेल्या आकड्याचा अर्थ पाहू. आपल्याकडच्या ई-रिक्षात बहुधा १२ व्होल्टच्या चार बॅटऱ्या एकापाठोपाठ जोडून ४८ व्होल्टचा सेट करतात. बॅटरी १०० अँपिअर-तासांची असेल तर ४८ गुणिले १०० म्हणजे ४,८०० वॉट-तास, अर्थात ४.८ युनिट. हा आकडा कागदावरचा. शिशाच्या बॅटरीची क्षमता पुष्कळदा २० तासांत सावकाश उतरवून मोजलेली असते आणि गाडी काही बॅटरी २० तास पुरवून वापरत नाही. प्रवाह जितका जास्त ओढावा तितकी हाती येणारी वीज कमी होते, हा संबंध जर्मन संशोधक विल्हेल्म प्यूकर्ट यांनी १८९७ मध्येच मांडला होता. गोल्फ कार्टमध्ये जगभर वापरली जाणारी ट्रोजन कंपनीची टी-१०५ ही ६ व्होल्टची बॅटरी २० तासांच्या दराने २२५ अँपिअर-तास देते, पण ५ तासांत उतरवली तर १८५ च. म्हणजे सुमारे १८ टक्के क्षमता केवळ वापराच्या वेगाने गेली. हेच प्रमाण आपल्या सेटला लावले तर ४.८ युनिटांचे ३.९ होतात. दोन कंपन्यांच्या बॅटऱ्यांवर एकच आकडा छापलेला असला, तरी एकीने तो २० तासांच्या आणि दुसरीने ५ तासांच्या दराने मोजला असेल, तर त्या सारख्या नाहीत. हा दर विचारणे ही खरेदीची पहिली पायरी आहे.

हे ३.९ युनिटही रोज पूर्ण काढता येत नाहीत. शिशाची बॅटरी उतरताना तिच्या दोन्ही प्रकारच्या प्लेटांवर शिशाचे सल्फेट तयार होते आणि चार्ज करताना ते परत विरघळते. बॅटरी खोलवर उतरवली, किंवा अर्धवट चार्ज करून तशीच ठेवली, की या सल्फेटचे स्फटिक मोठे व टणक होतात आणि मग ते विरघळत नाहीत. प्लेटवरचा तेवढा भाग कायमचा निकामी होतो. म्हणून रोज निम्म्यापर्यंत उतरणारी बॅटरी रोज तळ गाठणाऱ्या बॅटरीपेक्षा कितीतरी जास्त फेऱ्या देते. त्यात आपल्याकडचा उन्हाळा आहे. सर्वसाधारण नियम असा, की २५ अंश सेल्सिअसच्या वर दर दहा अंशांना शिशाच्या बॅटरीचे आयुष्य जवळजवळ निम्म्यावर येते. विदर्भ-मराठवाड्यातल्या एप्रिल-मे महिन्यांत सीटखालच्या बंद खोक्यात ती काय सोसत असेल, याची कल्पना यावरून करावी. माहितीपत्रकात लिहिलेल्या फेऱ्या ठरावीक तापमानाला आणि ठरावीक खोलीपर्यंत उतरवून मोजलेल्या असतात. त्या दोन अटी न सांगता दिलेला फेऱ्यांचा आकडा हिशोबात धरू नये.

लिथियम या एका शब्दाखाली निरनिराळी रसायने विकली जातात, म्हणून तिथेही नीट विचारावे लागते. कामकरी गाड्यांसाठी प्रामुख्याने दोन रसायने येतात. एक निकेल-मँगनीज-कोबाल्टचे, म्हणजे एनएमसी. दुसरे लिथियम आयर्न फॉस्फेट, म्हणजे एलएफपी. एलएफपीचे महत्त्व १९९७ मध्ये टेक्सास विद्यापीठातल्या जॉन गुडइनफ यांच्या गटाने दाखवून दिले. लिथियम बॅटरीवरील कामासाठी गुडइनफ २०१९ च्या रसायनशास्त्राच्या नोबेलचे एक मानकरी ठरले. तेवढ्याच वजनात एनएमसी जास्त वीज साठवते. एलएफपी थोडी जड असते, पण जास्त फेऱ्या देते आणि तापल्यावर उशिरा बिथरते. ताशी २५ किलोमीटरच्या आत धावणाऱ्या गाडीला पाच-दहा किलो वजनाची बचत फारशी कामाची नाही, दीर्घायुष्य मात्र फार कामाचे आहे. म्हणून इथे तुलना एलएफपीशीच करणे योग्य. तिचा एक सेल ३.२ व्होल्टचा, असे १६ सेल जोडून ५१.२ व्होल्टचा पॅक होतो आणि १०० अँपिअर-तासांना ५.१२ युनिट साठवतो. ही बॅटरी वेगाने उतरवली तरी तिची क्षमता फारशी घटत नाही आणि त्यातली ८० ते ९० टक्के वीज रोज काढता येते. वजन साधारण ४०-५० किलो. शिशाच्या चार बॅटऱ्यांचे मिळून सव्वाशे किलोच्या आसपास जाते.

आता हिशोब. पुढच्या किमती व फेऱ्या उदाहरणापुरत्या धरलेल्या आहेत; वाचकाने आपल्या गावातले भाव त्यांच्या जागी घालावेत. जुने तुलनेचे तक्ते मात्र वापरू नयेत, कारण पूर्वी शिशाच्या बॅटरीवर २८ टक्के आणि लिथियमवर १८ टक्के जीएसटी होता, तो २२ सप्टेंबर २०२५ पासून दोन्हींवर १८ टक्के झाला आहे. समजा, एक ई-रिक्षा रोज २.५ युनिट वापरते आणि वर्षात ३०० दिवस चालते. शिशाचा सेट भंगाराचे पैसे वजा जाता ३०,००० रुपयांना पडला आणि ४५० फेऱ्या, म्हणजे दीड वर्ष टिकला, तर त्याने आयुष्यभरात १,१२५ युनिट दिले. युनिटामागे साठवणीचा खर्च सुमारे २७ रुपये. एलएफपी पॅक ७५,००० आणि त्याचा वेगळा चार्जर १०,००० मिळून ८५,००० रुपये धरू. हा पॅक रोज निम्माच उतरणार, तेव्हा १,८०० फेऱ्या, म्हणजे सहा वर्षे धरणे काही अतिशयोक्तीचे नाही. तो ४,५०० युनिट देईल. युनिटामागे सुमारे १९ रुपये. सहा वर्षांत शिशाचे चार सेट लागतील, त्यांचे १,२०,००० होतात. शिवाय शिशाच्या बॅटरीत घातलेल्या विजेतली साधारण तीन-चतुर्थांशच परत मिळते, एलएफपीत ९० टक्क्यांहून जास्त. रोजची ०.६४ युनिटांची ही बचत सहा वर्षांत सुमारे १,१५० युनिटांवर जाते आणि ८ रुपये दराने तिचे ९,००० रुपये होतात. नव्या चार्जरची किंमत जवळजवळ तेवढ्यातच वसूल होते.

या हिशोबातून आणखी एक गोष्ट उघड होते आणि ती मला सर्वात महत्त्वाची वाटते. ८ रुपयांची वीज साठवण्यासाठी शिशाच्या सेटमध्ये २७ रुपयांची झीज होते. विजेवरची गाडी स्वस्त पडते असे म्हणताना लोक फक्त चार्जिंगचे बिल पाहतात. चालकाचा खरा इंधनखर्च बॅटरीच्या झिजेत दडलेला असतो आणि तो दीड वर्षाने एकदम पुढे उभा राहतो. रोजच्या कमाईतून हे पैसे बाजूला काढले नाहीत, तर बॅटरी बदलायची वेळ म्हणजे कर्ज काढायची वेळ ठरते.

मग सगळ्यांनी लिथियमच घ्यावे का? नाही, आणि याचे कारणही हाच हिशोब देतो. एखाद्या संस्थेच्या आवारातली गाडी रोज ०.६ युनिटच वापरते असे धरा. वर्षाला १८० युनिट झाले. इतक्या हलक्या वापरात शिशाचा सेट फेऱ्यांनी संपण्याआधी वयाने थकतो. निगा राखली तर चार वर्षे धरू. त्या चार वर्षांत त्याने ७२० युनिट दिले, म्हणजे युनिटामागे सुमारे ४२ रुपये. एलएफपी दहा वर्षे टिकली असे उदार मनाने धरले, तरी १,८०० युनिटांना ८५,००० म्हणजे ४७ रुपये पडतात, आणि एवढे पैसे दहा वर्षे आधी गुंतवण्याचा तोटा वेगळाच. अशा ठिकाणी शिशाची बॅटरी हीच शहाणपणाची निवड आहे, फक्त तिच्यात वेळच्या वेळी डिस्टिल्ड वॉटर घालणारा आणि गाडी वापरात नसली तरी तिला चार्ज ठेवणारा माणूस हवा. पुरेसा प्रवाह देऊ शकणारा लहान लिथियम पॅक मिळाला तर पारडे पुन्हा फिरू शकते. निर्णय रोजच्या कामावर ठरतो, म्हणून कामाचे मोजमाप आधी हवे. चार्जरच्या वायरला साधा एनर्जी मीटर लावून आठ-दहा दिवस किती युनिट भरले जातात, एवढे टिपले तरी बराच अंदाज येतो.

यावर पहिला आक्षेप पैशांचा आहे आणि तो खरा आहे. हातावर पोट असलेल्या चालकाला सहा वर्षांनी होणारी बचत आज उपयोगी पडत नाही. पण आक्षेप खरा असला तरी त्याचाही आकडा काढता येतो. वरच्या उदाहरणात लिथियमसाठी आज ५५,००० रुपये जास्त लागतात आणि सहा वर्षांत विजेसह सुमारे ४४,००० वाचतात. हे ५५,००० रुपये महिना २ टक्के व्याजाने २४ हप्त्यांत फेडले, तर व्याज १५,००० च्या जवळ जाते. बचत घटते, तरी शिल्लक राहते. तेच सावकाराकडून महिना ५ टक्क्यांनी घेतले, तर व्याजच ४०,००० च्या पुढे जाते आणि जवळजवळ सगळी बचत सावकाराच्या खिशात जाते. म्हणजे अशा कर्जावर लिथियम घेण्यात अर्थ नाही. त्यापेक्षा त्याच गाडीत मावणारा जास्त क्षमतेचा शिशाचा सेट घेऊन तो कमी खोल उतरवणे बरे. बॅटरी भाड्याने किंवा अदलाबदलीवर मिळत असेल, तर तिथेही एका बॅटरीचे भाडे भागिले तिच्यातून मिळणारी युनिटे एवढा भागाकार करून आपल्या आकड्याशी ताडून पाहावे. एक मार्ग आणखी आहे. लिथियम पॅक दुपारच्या जेवणाच्या सुटीत थोडा भरून घेता येतो आणि त्याने त्याचे काही बिघडत नाही. शिशाच्या बॅटरीला मात्र पूर्ण चार्जसाठी आठ-दहा तास लागतात. दुपारी चार्जिंगची सोय असलेल्या चालकाला लहान, स्वस्त लिथियम पॅक पुरू शकतो.

दुसरा आक्षेप आगीचा. २०२२ च्या उन्हाळ्यात पुण्यासह देशात काही ठिकाणी विजेवरच्या दुचाकी पेटल्या आणि लोकांच्या मनात भीती बसली. ती भीती धुडकावून लावण्यासारखी नाही. त्यानंतर केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने बॅटरी-सुरक्षेची मानके कडक केली. दुचाकी व तीनचाकींना लागू असलेल्या एआयएस-१५६ मधले बदल १ डिसेंबर २०२२ आणि ३१ मार्च २०२३ अशा दोन टप्प्यांत लागू झाले. ही मानके पुण्यातली एआरएआय ही संस्था प्रकाशित करते. रसायनाच्या बाजूने पाहता एलएफपीतला ऑक्सिजन फॉस्फरसशी घट्ट बांधलेला असतो. त्यामुळे ती तापली तरी एनएमसीइतक्या सहज ऑक्सिजन सोडून आग भडकवत नाही. पण ‘एलएफपी पेटतच नाही’ हे विक्रेत्याचे वाक्यही खरे मानू नये. जुन्या पॅकमधले सेल काढून गल्लीत जोडलेला स्वस्त पॅक कोणत्याही रसायनाचा असो, तो धोकादायकच. चाचणीचे प्रमाणपत्र, सेलचा निर्माता, उत्पादनाची तारीख आणि लेखी वॉरंटी यांपैकी एखादी गोष्ट मिळत नसेल, तर तो पॅक घेऊ नये. शिसे निर्धोक आहे असेही नाही. चार्ज होताना त्यातून हायड्रोजन निघतो आणि हवेत त्याचे प्रमाण ४ टक्क्यांवर गेले की ठिणगीने स्फोट होऊ शकतो. म्हणून चार्जिंगच्या जागी वारा खेळता हवा आणि विडी-काडी लांब.

तिसरा मुद्दा जुळणीचा, आणि निवड योग्य असूनही बॅटरी बदलणे फसते ते बहुधा इथे. लिथियम पॅकमध्ये बीएमएस नावाचे नियंत्रक सर्किट असते. ठरलेल्या मर्यादेपलीकडे प्रवाह गेला की ते पुरवठा तोडते. एक किलोवॅटची मोटर सपाट रस्त्यावर ४८ व्होल्टला साधारण २१ अँपिअर घेते, पण भरलेली गाडी चढावर ५०-६० अँपिअर सहज ओढते. सर्वोच्च न्यायालयाच्या परवानगीनंतर ज्या माथेरानमध्ये २०२२ पासून ई-रिक्षा आल्या, तिथल्यासारख्या चढउताराच्या जागी हा आकडा निर्णायक ठरतो. ५० अँपिअरचा बीएमएस लावलेला पॅक सपाटीवर उत्तम चालेल आणि प्रवाशांसकट चढावर मधेच बंद पडेल. म्हणून गाडीच्या कंट्रोलरचा कमाल प्रवाह पाहून त्याहून जास्त क्षमतेचा बीएमएस मागावा. चार्जरही त्याच रसायनाचा हवा. सोळा सेलच्या एलएफपी पॅकला ५८.४ व्होल्टपर्यंत नेऊन थांबणारा चार्जर लागतो; शिशासाठी बनवलेले काही चार्जर समतोल साधण्याच्या टप्प्यात ६० व्होल्टच्याही वर जातात. जुना चार्ज-दर्शक काटा व्होल्टवरून अंदाज बांधतो आणि एलएफपीचा व्होल्टेज मधल्या मोठ्या पट्ट्यात जवळजवळ स्थिर राहतो. त्यामुळे तो काटा बराच वेळ भरलेली बॅटरी दाखवून अचानक कोसळतो. आतबाहेर गेलेला प्रवाह मोजणारा मीटर बसवावा लागतो. वजनाचाही विचार हवा. फोर्कलिफ्टमध्ये बॅटरीचे वजन मागचा तोल सांभाळते आणि तिच्या पाटीवर किमान वजन लिहिलेले असते. तिथे हलका पॅक बसवताना तेवढे वजन भरून काढले नाही, तर भार उचलताना यंत्र पुढे कलंडेल. आणि नोंदणीकृत वाहनाच्या मंजुरीत बॅटरीचा प्रकार धरलेला असतो, म्हणून रसायन बदलण्याआधी उत्पादक, आरटीओ व विमा कंपनी यांच्याकडून लेखी खात्री करून घ्यावी.

शिसे घ्यायचे ठरले तरी डोळे मिटून घेऊ नये. जुना सेट का गेला, हे आधी शोधावे. चार्जर कमी व्होल्टला थांबत असेल, तर नवा सेटही सल्फेट साचून लवकर जाईल. चार्जर थांबतच नसेल, तर पाणी आटून प्लेटा उघड्या पडतील. हायड्रोमीटरने प्रत्येक सेलमधल्या ॲसिडची ग्रॅव्हिटी पाहावी. पूर्ण चार्ज झाल्यावर बाकीचे सेल १.२८ च्या जवळ आणि एखादाच १.२२ ला अडकलेला असेल, तर दोष त्या सेलचा आहे. मात्र सेट वर्षभर चाललेला असताना चारांतली एकच बॅटरी नवी घालणे ही खोटी काटकसर आहे. एकापाठोपाठ जोडलेल्या चारही बॅटऱ्यांतून प्रवाह तेवढाच वाहतो. नवी अजून भरलेली असते, तोवर जुन्या तळाला जातात. चार्जर मात्र चौघींना मिळून एकच समजतो. चारही एकाच कंपनीच्या, एकाच महिन्यात बनलेल्या असाव्यात. दुकानात मल्टिमीटर लावला असता १२.६ च्या आसपास व्होल्ट दिसावेत, १२.४ च्या खाली असलेली बॅटरी फळीवर पडून उतरत गेलेली आहे. मोटारीच्या स्टार्टरची बॅटरी या कामाला चालत नाही, कारण तिच्या पातळ प्लेटा क्षणभर मोठा प्रवाह देण्यासाठी असतात, रोज खोल उतरण्यासाठी नाहीत. आणि सारख्याच क्षमतेचा दावा करणाऱ्या दोन बॅटऱ्यांपैकी एक बरीच हलकी असेल, तर तिच्यात शिसे कमी आहे, असे खुशाल समजावे.

शिशाच्या बॅटरीच्या बाजूने शेवटचा आक्षेप असा, की तिला भंगारात चांगला भाव येतो आणि ती जवळजवळ पूर्ण पुन्हा वापरात येते, तर कोबाल्ट-निकेल नसलेल्या एलएफपीला भंगारवाला फारसे विचारत नाही. हे खरे आहे, आणि वरच्या हिशोबात भंगाराचा भाव शिशाच्या बाजूने धरलाही आहे. पण तो भाव कोण देतो, हेही पाहायला हवे. वस्तीलगत उघड्या भट्टीत शिसे वितळवणारा माणूस अधिकृत कारखान्यापेक्षा जास्त पैसे देऊ शकतो, कारण धुराचा आणि ॲसिडचा खर्च तो शेजारच्या मुलांवर टाकतो. युनिसेफ आणि प्युअर अर्थ यांच्या २०२० च्या अहवालानुसार जगातल्या सुमारे ८० कोटी मुलांच्या रक्तात शिशाचे प्रमाण चिंताजनक आहे आणि अशा बेकायदा पुनर्वापराचा त्यात मोठा वाटा आहे. आपल्याकडे २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी वापरलेली बॅटरी गोळा करून तिच्या पुनर्वापराची जबाबदारी उत्पादकावर टाकली आहे, मग ती शिशाची असो वा लिथियमची. जुना सेट अधिकृत विक्रेत्यालाच परत देऊन पावती घेणे हे ग्राहकाचे कर्तव्य आहे. त्यात शे-दोनशे रुपये कमी मिळाले, तर ते हिशोबात खर्च म्हणून धरावेत.

हा सगळा भागाकार ग्राहकाने एकट्याने, कमाई बुडत असताना, दुकानाच्या पायरीवर उभे राहून करावा, ही अपेक्षा अन्यायाची आहे. २००६ मध्ये ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोचे तारांकन सुरू झाले. आज फ्रिज घेणाऱ्याला तो वर्षाला किती युनिट खाईल, हे दारावरच छापलेले मिळते. ज्या वस्तूवर एखाद्या कुटुंबाची रोजची भाकरी अवलंबून आहे, तिच्यावरही तशीच पाटी असायला हवी. ५ तासांच्या दराने किती युनिट, किती खोलीपर्यंत आणि किती तापमानाला किती फेऱ्या, आणि म्हणून आयुष्यभरात एकूण किती युनिट, हे तिच्यावर मराठीत, हिंदीत, चालकाला वाचता येईल अशा भाषेत लिहिलेले असावे. रिक्षा संघटना, पतसंस्था आणि बचत गट यांनी एकत्र खरेदी करताना ही माहिती लेखी मागायला सुरुवात केली, तर कायद्याची वाट न पाहताही ती पाटी येऊ शकते. तोवर किंमत भागिले एकूण युनिट हा एवढा भागाकार कागदावर मांडल्याशिवाय पैसे देऊ नयेत, आणि विक्रेत्याला त्यासाठी लागणारा आकडा देता येत नसेल, तर दुसऱ्या दुकानात जावे.